मदत हवी आहे: बंबाचा जुना भोंगा १२ व्होल्टचा की २४?

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमधल्या एका भंगारवाल्याकडून आगीच्या बंबावरचा मोटारवाला भोंगा मिळालाय. लाल रंगाचे पोपडे निघालेत, पण रोटर बोटाने ढकलला तरी सुळकन फिरतो, बेअरिंग शाबूत! प्लेट घासून गेलीय, फक्त 'व्होल्ट डीसी' वाचता येतं. १२ की २४, कसं ओळखायचं? मागे दोन जाड वायरी आणि एक बारीक. बारीक वायर ब्रेकची (फिरता रोटर थांबवणाऱ्या) असावी का?

असा भोंगा सुरू होताना भरपूर करंट ओढतो, म्हणून बॅटरीपासून जाड केबल, फ्यूज आणि मध्ये स्टार्टरचा सोलेनॉइड (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) घालणार. बटण फक्त सोलेनॉइडला. आधी १२ वरच क्षणभर फिरवून बघू का?

गाडीवर लावायचा नाहीये, जपून ठेवायचाय. ठाणे-नवी मुंबईत आर्मेचर (मोटारचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) तपासणारा जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर प्लीज सांगा.