आतड्याला सोसेल असं तोंडीलावणं सुचवा (क्रोन्स, भाऊबीजेसाठी)

ठाणेकर_ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे, त्याला क्रोन्स (आतड्याला वरचेवर सूज येणारा जुनाट आजार) आहे. आधी बरेच महिने पोटाचा टीबी समजून औषधं झाली. मग पुन्हा कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) आणि बायोप्सी केली तेव्हा खरं काय ते कळलं. भाऊबीजेला चार दिवस माझ्याकडे राहायला येतोय.

वरण-भात, मऊ खिचडी, फुलके एवढं मला जमतं. अडतं ते तोंडीलावण्यापाशी. मागच्या खेपेला आला तेव्हा त्याच्या पानात डावीकडे मीठ होतं, बाकी काही नाही. कोशिंबीर कच्ची म्हणून नको, चटणीत खोबरं-दाणे म्हणून नको, भाजीत मिरची म्हणून भाजीही नको. आम्ही सगळे बोलत जेवत होतो आणि तो खाली मान घालून भात कालवत होता. ते पान अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मला एखादी भाजी किंवा भरीत सुचवा, जे त्याला सोसेल आणि सगळ्या घराला तेच वाढता येईल. त्याच्यापुरतं वेगळं पातेलं मला नकोय. कांदा-लसणाने त्याचं पोट फुगतं. दूध चालत नाही, दही थोडं चालतं.

निळी_छत्री

ताई, मला ११ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे क्रोन्ससारखाच, पण मोठ्या आतड्याचा आजार. पदार्थ सुचवण्याआधी दोन गोष्टी सांगा. सध्या आजार शांत आहे की उसळलाय? आणि आतडं कुठे अरुंद झालंय असं रिपोर्टमध्ये लिहिलंय का?

सगळं यावरच ठरतं, म्हणून विचारतेय. उसळलेला असेल तर थोडे दिवस चोथा कमीच बरा. शांत असेल आणि अरुंद जागा नसेल, तर भाज्या तोडायचं काही कारण नाही, उलट हळूहळू वाढवायच्या. मी भीतीपोटी काही वर्षं भात-बटाट्यावर काढली, त्याने आजार कमी झाला नाही, अंगातली ताकद तेवढी गेली. पण अरुंद जागा असेल तर वेगळं. तिथे साल, बी, धागा, खोबऱ्याचा चव, मक्याचा दाणा असलं काही अडकू शकतं.

ठाणेकर_ताई

आजार सध्या शांत आहे. अझाथायोप्रिन हे औषध चालू आहे. पण सीटी एन्टरोग्राफीत (आतड्याच्या सीटी स्कॅनमध्ये) लहान आतड्याच्या शेवटाला थोडी अरुंद जागा दिसली आहे. साल, बिया, धागे टाळा आणि चावून खा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलंय.

निळी_छत्री

मग भाजी खायचीच, फक्त तिचं रूप बदलायचं. सोललेली, बिया काढलेली, पूर्ण शिजलेली आणि गाळलेली. दुधी, लाल भोपळा, गाजर, बटाटा या चार भाज्यांवर चार दिवस आरामात निघतील. शेवग्याची शेंग, गवार, मेथी-पालकाचे देठ, मटार, मका यांना या खेपेला रजा द्या.

वऱ्हाडी_पान

ताई, लाल भोपळ्याचं भरीत करा. आमच्या विदर्भात याला कोहळं म्हणतात. मागे इथेच एका धाग्यावर मी कोहळं सांगितलं आणि एका पुणेकर बाईंनी पेठ्याचा पांढरा कोहळा आणला, म्हणून आधीच स्पष्ट करते. लालच घ्या.

माझ्या सासऱ्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झाल्यावर दीड वर्ष हेच आमचं तोंडीलावणं होतं. चार माणसांना अर्धा किलो भोपळा पुरतो. साल जाड काढा, हिरवी कड अजिबात राहू देऊ नका. मधली बियांची जाळी चमच्याने खरवडून टाका, अगदी गुळगुळीत गर लागेपर्यंत. मोठ्या फोडी करून कुकरच्या भांड्यात ठेवा. भांड्यात पाणी घालायचं नाही, कुकरच्या तळाशी घालायचं. तीन शिट्ट्या. तरी भोपळा पाणी सोडतोच, ते निथळून वरणात घाला.

आता मुख्य काम. गर पळीने घोटून थांबू नका, पुरणयंत्रातून काढा. पुरणाची बारीक जाळी लावा. खाली पडेल ते लोण्यासारखं मऊ असतं आणि जाळीच्या वर नारिंगी धाग्यांचा एक गुंता राहतो, भिजलेल्या दोऱ्यासारखा. पहिल्यांदा तो बघितला तेव्हा मला धसका बसला होता, कारण "मऊ शिजवलंय" म्हणून तोच मी आठ दिवस सासऱ्यांना वाढत होते. पुरणयंत्र नसेल तर पिठाची चाळण चालेल, वेळ लागतो इतकंच.

गर पूर्ण गार झाला की त्यात चार चमचे घट्ट दही, मीठ आणि चिमूट साखर. गरम गरात दही घातलं तर फुटतं. कढल्यात चमचाभर तूप, त्यात हिंग, आणि गॅस बंद करून भाजलेल्या जिऱ्याची पूड. अख्खं जिरं-मोहरी नको. कढीपत्ता घालायचा तर अख्खी डहाळी घाला आणि वाढताना काढून घ्या, वास राहतो. मिरचीच्या जागी आल्याचा रस, किसून पिळलेला, अर्धा चमचा. बाकीच्यांना तिखट हवं तर हिरवी मिरची तुपात परतून वाटीत वेगळी ठेवा, ज्याला हवी तो वरून घेईल. पातेलं एकच.

दही फडक्यात तासभर टांगून घेतलंत तर पाण्याबरोबर दुधातली साखरही थोडी निघून जाते. दूध न सोसणाऱ्याला तसं दही जास्त मानवतं.

ठाणेकर_ताई

पुरणयंत्र माळ्यावर आहे, होळीनंतर काढलंच नव्हतं. आज काढते. दुधीचं काय करू? त्याला दुधी फार आवडतो. आणि लसणीचा वास तरी देता येईल का? लसणीची फोडणी त्याचा जीव की प्राण.

गिरगावची_माई

लसणीला वाट आहे. पोट फुगवणारे घटक, त्यांना फ्रुक्टन म्हणतात, पाण्यात विरघळतात, तेला-तुपात विरघळत नाहीत. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने जो फॉडमॅप आहार (पोट फुगवणारे असे घटक कमी करणारा) मांडला, त्यात ही युक्ती सांगितलेली आहे. तूप तापवायचं, सोललेल्या लसणीच्या चार पाकळ्या अख्ख्या टाकायच्या, मंद आचेवर तांबूस झाल्या की सगळ्या काढून टाकायच्या आणि मगच भाजी घालायची. क्रम चुकवू नका. पाण्याची भाजी पडल्यावर लसूण आत राहिली तर उपयोग गेला. असलं तूप करून साठवू नका, लागेल तेवढं ताजं करा.

एक मात्र लक्षात असू द्या, याने फुगणं कमी होतं. आतड्याची सूज आहाराच्या या पद्धतीने उतरते असं नाही, तिला औषधच लागतं.

दुधीसाठी: कोवळा घ्या, नख सहज रुतलं पाहिजे. साल काढा, मधला बियांचा कापूस काढा, फोडी लसणीच्या तुपात हळद-हिंगावर परता, वाफ आणा. पाण्याऐवजी नारळाचं दूध घाला, पण बारीक गाळणीतून दोनदा गाळलेलं. चव-खोबरं नको. शेवटी पळीच्या पाठीने अर्ध्या फोडी मोडा म्हणजे रस दाटतो. बेसन लावायची गरजच पडत नाही.

आणि दुधी चिरल्या चिरल्या एक लहान तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला की थुंका आणि अख्खा दुधी टाका. शिजवून किंवा साखर घालून तो कडूपणा जात नाही. त्यात कुकुर्बिटॅसिन नावाचं विष असतं, धडधाकट माणसालाही रक्ताच्या उलट्या होतात. आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) कडू दुधीच्या रसाबद्दल इशारा दिलेला आहे. हे मी सगळ्यांना सांगते, आजारी असो वा नसो.

सकाळची_शाखा

एवढं सगळं करण्यापेक्षा रोज सकाळी गव्हांकुर आणि कच्च्या दुधीचा रस द्या. आमच्या ओळखीत एकाने सगळ्या गोळ्या बंद केल्या, महिन्याभरात बरा झाला.

निळी_छत्री

दादा, तुमची कळकळ समजते, पण हे इथे नको. हा आजार अधूनमधून आपणहून शांत होतो, म्हणून माणसाला वाटतं रसाने बरं वाटलं. मी २५ व्या वर्षी मेसालामाईन हे माझं सुजेवरचं औषध असंच सोडलं होतं. दहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ७ वर आलं आणि रक्त चढवावं लागलं. ताईंच्या भावाला तर अरुंद जागा आहे. ताई, चार दिवसांत कधीही पोटात कळा येऊन उलट्या झाल्या, पोट ताठ झालं, वारा सरला नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना.

आणखी एक. अझाथायोप्रिनने प्रतिकारशक्ती दबते. म्हणून दही ताजं, भरीत त्याच दिवसाचं. फ्रिजमधलं कालचं त्याच्या पानात नको.

ठाणेकर_ताई

लिहून ठेवलं. बीट चालेल का? रंग छान येईल पानात.

वऱ्हाडी_पान

सोलून, मऊ शिजवून, गाळून चालतं, पण आधी भावाला सांगा. बीट खाल्लं की दुसऱ्या दिवशी शौचाला लाल दिसतं. ज्याने रक्त पाहिलेलं आहे त्याच्या काळजाचं पाणी होतं. आमच्या सासऱ्यांना पहाटे चारला घाम फुटला होता, आम्ही रिक्षा बोलावली होती. रंगासाठी गाजर घ्या. मधला पिवळा दांडा काढून टाका.

ठाणेकर_ताई

काल भाऊबीज झाली. ओवाळून झाल्यावर पानं घेतली. डावीकडे सगळ्यांनाच भोपळ्याचं भरीत, उजवीकडे नारळाच्या दुधातला दुधी. परतलेल्या मिरच्यांची वाटी मधे. त्याने आधी मिरचीच्या वाटीकडे बघितलं, मग माझ्या पानाकडे, मग विचारलं, "तुझ्यात पण हेच?" मी हो म्हटलं. भरीत दोनदा मागून घेतलं. लसणीचा वास आल्यावर दुधीची फोड बोटाने उलटीपालटी करून लसूण शोधली आणि नाही म्हटल्यावर खाल्ली. रात्रभर मी कानोसा घेत होते. शांत झोपला होता. सकाळी म्हणाला पोट जरा गुरगुरतंय, पण कळ नाही.

परवा सकाळच्या गाडीने परत निघतोय, सहा तासांचा प्रवास. डब्यात भरीत देऊ का?

गिरगावची_माई

भरीत नको, सहा तासांत दही आंबेल. गाजर-बटाटा द्या. दोन्ही सोलून कुकरला मऊ करा, लसणीच्या तुपात हिंग-हळदीवर घोटून कोरडं होईपर्यंत परता आणि पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. दोन मऊ फुलके, तूप लावून. आणि गाडीत पहिल्या दोन-तीन तासांतच खाऊन घे म्हणावं.

ठाणेकर_ताई

गाजरं आणायला खाली चालले आहे. पुरणयंत्र त्यालाच देतेय बरोबर, त्याच्या खोलीवर पातेलं आणि कुकर आहे.