मदत हवी आहे: सील बघायला असाहियामा की कैयुकान?

खाडीकाठची (ठाणे)
जरा लवकर सांगा, प्लीज. जपानमध्ये होक्काइडोतल्या असाहियामा झूला जावं, की ओसाकाचं कैयुकान अ‍ॅक्वेरियम बघून परत यावं? शनिवार-रविवारच हातात आहेत. विमानाचं भाडं सकाळपासून चढतंय, आज रात्री बुकिंग करायचंच आहे. असाहियामाच्या सीलघरात मधोमध पाण्याचा उभा पारदर्शक नळा आहे आणि स्पॉटेड सील त्यातून वरखाली पोहतात. त्याचे व्हिडिओ मी किती बघितलेत! दोन्ही ठिकाणी जाऊन आलेलं कोणी आहे का? डॉल्फिन शो, शार्क, पेंग्विन सुचवू नका. पेंग्विन राणीच्या बागेत बघितलेत. मला सीलच बघायचेत.

घोडबंदरकर
कुठल्या शहरातून निघणार? महिना कोणता? एकट्या आहात की सोबत कोणी आहे? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मीठभाकर
जपान कशाला? अबू धाबीला यास बेटावर २०२३मध्ये सीवर्ल्ड उघडलंय. मुंबईहून साधारण तीन तासांत पोचता. आम्ही मुलांना नेलं होतं. सील टाळ्या काय वाजवतात, पुढच्या पायांवर उभे काय राहतात! पैसा वसूल.

पाणकावळा
मीठभाकर, ते सी लायन. त्यांना बाहेर छोटे कान असतात आणि मागचे फ्लिपर म्हणजे वल्ह्यासारखे पाय पुढे वळवून ते जमिनीवर चालू शकतात. सीलला बाहेर कान नसतात, कानाच्या जागी नुसतं भोक. जमिनीवर तो पोटावर सरपटतो. टाळ्या वाजवून दाखवणारा प्राणी बहुतेक वेळा सी लायनच असतो.

मीठभाकर
असेल. मुलं खूश झाली. ताईंनाही आवडेल असं अजूनही म्हणेन.

खाडीकाठची
पाणकावळा, अगदी बरोबर! सी लायन हुशार आणि चपळ, पण माझा जीव सीलवर आहे. पहिला सील मी बॉस्टनला पाहिला. न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियमच्या दाराबाहेरच हार्बर सीलचा टँक आहे, तिथे तिकीटही लागत नाही. एक सील पाण्यात उभाच्या उभा झोपला होता, नाक तेवढं वर. सीलच्या नाकपुड्या एरवी मिटलेल्याच असतात, श्वास घेताना स्नायू ताणून त्या उघडाव्या लागतात, हे तिथेच वाचलं. नंतर कळलं की बुडी मारण्याआधी तो श्वास सोडून देतो आणि पाण्याखाली रक्तात आणि स्नायूंत साठवलेल्या प्राणवायूवर राहतो. गढूळ पाण्यात मासा पुढे निघून गेला तरी मागे राहिलेली पाण्याची हालचाल मिश्यांनी ओळखून त्याचा माग काढतो. अशा प्राण्याला चेंडू कशाला द्यायचा? मला काचेसमोर बसून राहायचंय.

घोडबंदरकर, ऑफिसच्या कामासाठी ओसाकात असणार आहे, तिथूनच निघेन. आई सोबत येतेय.

निवांत
एवढं प्रेम आहे तर टाकीतले सील बघायचेच कशाला? होक्काइडोतच एरिमो भूशिराच्या खडकांवर मोकळे सील असतात.

पाणकावळा
निवांत, एरिमोला दुर्बिणीतून लांबचे ठिपके दिसतात, आणि ओसाकाहून दोन दिवसांत तिथे जाऊन येणं आईंच्या वयाला झेपेल का? शिवाय सगळ्या टाक्या सारख्या नसतात. होक्काइडोतल्याच मोन्बेत्सूचं तोक्कारी सेंटर जखमी, भरकटलेल्या सीलना सांभाळतं. नेदरलँड्समध्ये पीटरबुरेनला १९७१पासून अनाथ पिल्लं वाढवून समुद्रात सोडण्याचं काम सुरू झालं.

निवांत
सुश्रूषा वेगळी, तिकीट लावून दाखवणं वेगळं. माझं मत बदललेलं नाही.

खाडीकाठची
निवांत, हा विचार मलाही छळतो. म्हणूनच शो टाळते. पण आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत. काचेपलीकडून बघितला नसता, तर त्याच्याबद्दल एक ओळही वाचली नसती. यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. आत्ता असाहियामाचं सांगा ना कोणीतरी!

साजूक_तूप
आई शाकाहारी आहेत का? ओसाकात सूप, नूडल्स, चटणी, सगळ्यात दाशी म्हणजे माशांचा अर्क असतो. मेतकूट, थेपले, भाजलेला रवा न्या.

घोडबंदरकर
ताई, महिना!! तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

खाडीकाठची
एप्रिलचा दुसरा आठवडा.

घोडबंदरकर
मग प्रश्नच मिटला. असाहियामा हिवाळी हंगाम संपला की एप्रिलमध्ये बंद होतं आणि महिनाअखेरीस उघडतं. त्यांच्या संकेतस्थळावर तारखा बघा आणि मगच पैसे भरा. शिवाय झू टेकडीच्या उतारावर आहे, चढ बराच आहे. ओसाकाहून न्यू चितोसे विमानतळापर्यंत विमान, तिथून सप्पोरोमार्गे असाहिकावा शहरापर्यंत रेल्वेने, मग झूपर्यंत बस. दोन दिवसांतला बराच वेळ प्रवासातच जाईल.

आता कैयुकान. आठव्या मजल्यावरून सुरुवात करून मधल्या मोठ्या टँकभोवती फिरत खाली यायचं. त्या टँकमध्ये व्हेल शार्क आहेत. सील हवेत तर आर्क्टिक विभागात थांबा. तिथे रिंग्ड सीलचा घुमटाकार टँक डोक्यावर आहे, पोटं खालून दिसतात. शनिवार-रविवारी तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आधीच घ्या.

पाणकावळा
शनिवार कैयुकान. रविवारी किन्तेत्सू रेल्वेने तोबा, दोनेक तास. तोबा अ‍ॅक्वेरियम स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे. तिथे बैकल सील आहेत. पूर्णपणे गोड्या पाण्यात राहणारी सीलची जगातली ही एकच जात. गोल गरगरीत, डोळे भलेमोठे.

खाडीकाठची
बैकल सील! दोन तासांवर! हे मला कुठेच कसं दिसलं नाही?

ऐरोलीकर
तोबाला ड्यूगाँग म्हणजे समुद्रगायही आहे, सेरेना नावाची. ड्यूगाँग आपल्याकडे पाल्कच्या उपसागरात आहेत, २०२२मध्ये तमिळनाडूने त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र केलं. आणि ताई ठाण्याच्याच, तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. केलीय का कधी?

घोडबंदरकर
ऐरोलीकर, प्रत्येक धाग्यावर फ्लेमिंगो?

ऐरोलीकर
खाडी आपल्या दारात आहे, सांगायला नको?

खाडीकाठची
होक्काइडो रद्द. शनिवारी कैयुकान आणि रविवारी तोबा, दोन्ही ठरलं. आईला खुर्ची मिळेल अशी जागा सीलच्या टँकजवळ आहे का, एवढं पाणकावळा सांगा. नाहीतर घडीचं स्टूल नेते.

मीठभाकर
स्टूल मी देतो. ठाण्यातच वर्तकनगरला असतो, विपूत (विचारपुशीत) निरोप टाका.