सी विंगच्या आजींचा फॉर्म लॉकरमध्येच राहिला

बी ३०२ काकू: सर्वांना नमस्कार. मंगळवारपासून झोप नाही. सी विंगच्या आजी सगळ्यांना सांगायच्या, मला वैकुंठ स्मशानभूमीत नेऊ नका, डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकायला द्या. शेवटी वैकुंठातच नेलं. आम्हीही दोघंच राहतो, दोघांचे देहदानाचे फॉर्म भरलेत. कमिटीने एक प्रत ऑफिसात ठेवावी आणि रात्री कोणाला फोन करायचा ते लिहून ठेवावं, एवढंच.

सेक्रेटरी: काकू, समजतंय. पण सोसायटीने यात पडू नये. उद्या नातेवाईक आम्हाला धरतील.

ए १०४: लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. आधी ते बघा.

सी २०१: आमच्या घरचा विषय ग्रुपवर नको होता. फॉर्म बँकेच्या लॉकरमध्ये, ताई बंगळुरूला, मामा ऐकेनात. पहाटे तीनला मी एकटा काय करणार होतो?

बी ३०२ काकू: तुला दोष नाही रे बाळा. म्हणूनच म्हणतेय, आधी ठरवूया.

डी ५०१ डॉक्टर ताई: काकूंचं बरोबर आहे. फॉर्म भरला की झालं असं नसतं. मृत्यूनंतर जवळचे नातेवाईक नाही म्हणाले तर कॉलेज देह नेत नाही. त्यामुळे मुलं, भाऊ-बहिणी सगळ्यांना आधीच सांगा. फॉर्म वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो, पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजला. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो, रात्री खरी अडचण तिथेच होते. शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. एचआयव्ही, कावीळ बी असेल तरी नाही. त्यामुळे दुसरी तयारीही हवी.

ए ६०२ आजोबा: अग्नी दिल्याशिवाय गती नाही, आमच्याकडे हेच मानतात.

बी १०१: आजोबा, दधीचींनी हाडंसुद्धा दिली. आपल्या हिंगोलीकडच्या नानाजी देशमुखांचा देह २०१० साली दिल्लीच्या एम्सला दिला.

ए ६०२ आजोबा: मोठ्या माणसांचं वेगळं. घरात बायकामुलांना निरोप द्यायला काहीतरी लागतं.

डी ५०१ डॉक्टर ताई: आजोबा, घरी दर्शन घेऊन मग नेता येतं. तेरावा, श्राद्धही करता येतं. डोळे सहा तासांच्या आत देऊन मग देहही देता येतो. मात्र किडनी, यकृत दिलं तर बहुधा देह घेत नाहीत.

सी ४०३: मेंटेनन्स थकवणाऱ्यांचा देह घेतात का हो? 😄

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला.

सी ४०३: विषयच आहे. मंगळवारी शववाहिका गेटवर अडली, ए विंगच्या पांढऱ्या गाडीमुळे.

ए ३०१: आमची गाडी आमच्या जागेत होती. रेषा कोणी पुसल्या ते विचारा.

ए १०४: आणि लिफ्ट? आजींना खुर्चीवर बसवून दोन मजले उतरवलं. मी पाय धरले होते.

सी २०१: होय काका. विसरणार नाही.

सेक्रेटरी: ठीक आहे. रविवारी ११ वाजता क्लबहाउसला. ज्यांना द्यायच्या आहेत त्यांनी फॉर्मच्या प्रती बंद पाकिटात आणा, वर दोन नातेवाईकांचे नंबर लिहा. कमिटी फक्त पाकीट ठेवेल.

बी ३०२ काकू: आभार. माझ्या पाकिटावर एकच नंबर आहे, ह्यांच्या भावाचा. मुलाला अजून सांगितलेलं नाही. तो कॅनडात आहे, ऐकून रडेल म्हणून टाळत आले. आज रात्री व्हिडिओ कॉल करते.

डी ५०१ डॉक्टर ताई: नऊला येऊन बसू का तुमच्याजवळ?

बी ३०२ काकू: ये गं.