‘कोअर’ला गाभा म्हणावे काय?

अनुवादिका (कोथरूड):
आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी खेळांचा संगणक कसा निवडावा याविषयीचा एक लेख मराठीत उतरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यातल्या एका परिच्छेदाचा आशय असा, की प्रोसेसरमध्ये सहा कोअर असले तर बहुतेक खेळ नीट चालतात, आठ असले तर पुढच्या काही वर्षांची सोय होते, आणि त्यापुढच्या जादा कोअरसाठी मोजायचे पैसे ग्राफिक्स कार्डावर घालावेत. मी ‘कोअर’साठी सरळ ‘गाभा’ लिहिले. अकरावीतल्या भाच्याने खर्डा वाचून विचारले, ‘‘मावशी, गाभा एकच असतो ना? मग आठ गाभे म्हणजे आठ प्रोसेसर का?’’ मला उत्तर देता आले नाही. गाभा म्हणजे सगळ्यात आतले आणि एकमेव असे काही, ही समजूत माझ्याही मनात इतकी घट्ट आहे, की ‘जादा गाभे’ हा प्रयोग आता मला वदतोव्याघात वाटू लागला आहे. आपण सर्वांनी कृपया मार्ग सुचवावा.

निवृत्त भूगोलशिक्षिका:
ताई, आपण ‘गाभा’ सोडू नये. पृथ्वीच्या अंतरंगाचे भूकवच, प्रावरण आणि गाभा हे थर आम्ही वर्षानुवर्षे शिकवले, आणि त्या गाभ्याचेही बाह्य गाभा व अंतर्गाभा असे दोन भाग मुलांनी काहीही न अडखळता समजून घेतले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले दहा गाभा घटक तर डी.एड. करणाऱ्या प्रत्येकाने पाठ केलेले आहेत. दहा घटकांना गाभा म्हणता येते, तर प्रोसेसरच्या आठ भागांना का म्हणता येऊ नये?

व्युत्पत्तीचा वाचक:
बाईंचे म्हणणे मला अर्धेच पटते. दहा घटक मिळून अभ्यासक्रमाचा एक गाभा होतो, आणि पृथ्वीचे दोन थर मिळूनही एकच गाभा होतो. म्हणजे या दोन्ही उदाहरणांत गाभा एकवचनीच राहिला आहे. शब्द संस्कृत ‘गर्भ’ पासून आला, ‘गाभारा’ हा ‘गर्भागार’ पासून आला, आणि गाभण गाय हीही त्याच घरातली. आजोळी केळीचा घड उतरवल्यावर आजी खुंटाचे एकेक सोपट सोलत जाई आणि शेवटी जो पांढरा, गार दांडा हाती येई त्याची भाजी करी, त्यालाच ती गाभा म्हणे. माझ्या कानाला गाभा या शब्दात सोलत आत जाण्याची ती क्रिया ऐकू येते. चिंच गाभुळते ती याच मुळातून, असेही मला फार दिवस वाटत आले आहे.

परंतु न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की इंग्रजीतला ‘कोअर’ सुद्धा मुळात सफरचंदासारख्या फळाच्या मधल्या, बिया असलेल्या भागाचा वाचक होता आणि तोही एकच असे. पुढे फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून संगणकाची स्मृती तयार करू लागले, तेव्हा त्या प्रत्येक कडीलाही कोअरच म्हणत. आयबीएमने २००१ मध्ये पॉवर-४ या प्रोसेसरच्या एकाच चकतीवर दोन कोअर बसवले आणि २००५ मध्ये घरगुती संगणकांतही तसे प्रोसेसर आले, तेव्हा इंग्रजी भाषकांनी अनेकवचन निमूट स्वीकारले. त्यांच्या शब्दाला ताणले जाण्याची मुभा आहे आणि आपल्या शब्दाला नाही, असे का असावे, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

संगणक जुळवणारा (बुधवार पेठ):
तपकीर गल्लीत कोणत्याही दुकानाच्या फळीपुढे उभे राहून ‘सहा गाभ्यांचा प्रोसेसर द्या’ असे म्हणून पाहावे. समोरचा माणूस पुन्हा विचारील. तिथे ‘सिक्स कोअर, ट्वेल्व्ह थ्रेड’ हीच भाषा आहे, आणि ज्या शब्दाने व्यवहार होतो तोच लेखात असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कोअर’ हे २००६ पासून इंटेलच्या प्रोसेसरचे नावही आहे, त्यामुळे ‘कोअर आय-फाइव्ह’ म्हणजे पाच कोअर आणि ‘आय-सेव्हन’ म्हणजे सात, अशी समजूत घेऊन येणारे पालक मला आजही भेटतात. लेखात ‘गाभा’ आला, तर खोक्यावरचा शब्द आणि लेखातला शब्द यांचा मेळ त्यांना कधीच लागणार नाही.

खरा घोटाळा मात्र शब्दापेक्षा मोजणीत आहे. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिने २०११ मध्ये आठ कोअरचे म्हणून एफएक्स मालिकेतले प्रोसेसर विकले. त्यांत चार जोड्या होत्या आणि प्रत्येक जोडीतल्या दोघांना अपूर्णांकांची गणिते करणारा विभाग सामाईक होता. असे असताना त्यांना आठ म्हणावे की चार, यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड झाली. ‘कोअर’ कशाला म्हणावे हा प्रश्न जिथे न्यायालयापर्यंत गेला, तिथे केवळ मराठी प्रतिशब्द योजून आपले काम भागेल, असे मला वाटत नाही.

स्वभाषाप्रेमी (सदाशिव पेठ):
परका उच्चार हवाच असेल, तर आपल्याकडे ‘कोर’ आहे. चंद्राची कोर, भाकरीची कोर. कोर म्हणजे अखंड गोलाचा तुकडा, आणि सिलिकॉनच्या एका चकतीचे आठ भाग हे आठ कोरीच आहेत. उच्चार जवळचा, अर्थ जुळणारा आणि लिंगही ठरलेले: ती कोर, त्या कोरी. ‘कोअर’ मधला तो आगंतुक ‘अ’ गाळला, की शब्द पूर्णपणे मराठी होतो.

व्युत्पत्तीचा वाचक:
सूचना मोहक आहे, पण तिच्यात मोठा धोका आहे. कोर म्हणजे कडही: रुमालाची कोर, लुगड्याची कोर. इंग्रजी शब्द वस्तूच्या मध्याकडे बोट दाखवतो आणि आपला शब्द तिच्या कडेकडे. उच्चाराच्या साम्यासाठी अर्थाची दिशा उलटी करणे मला मान्य होणार नाही.

प्रोग्रॅमर (हिंजवडी):
जो शब्द निवडाल त्याने एक गोष्ट लपवू नये, ती म्हणजे हे भाग नेहमी सारखे नसतात आणि नेहमी एकत्र कामालाही येत नाहीत. इंटेलच्या २०२१ मधल्या आय-५ १२६००के मध्ये दहा कोअर आहेत, पण त्यांपैकी सहा बलवान आणि चार काटकसरी आहेत. या चारांना गाभा म्हणताना तुमचीही जीभ अडखळेल.

मी ढोलपथकात आठ वर्षे वाजवले आहे, म्हणून तिथले उदाहरण देतो. पथकाची लय ताशावर ठरते, आणि ढोल साठाचे ऐंशी केले तरी ताशाची लय वाढत नाही. खेळातही एक मुख्य धागा (थ्रेड), म्हणजे एकामागून एक करायच्या कामांची मालिका, असतो. खेळाडूने कळ दाबली, पात्र कुठे सरकले, पुढचे दृश्य काय, हे तो क्रमाने ठरवतो आणि बाकीचे कोअर पुष्कळदा त्याची वाट पाहतात. अर्धे काम असे क्रमानेच करावे लागत असेल, तर आठ कोअरनी वेग आठपट होत नाही, सुमारे १.७८ पट होतो. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार तो हाच. म्हणूनच २०२२ मधला एएमडीचा आठ कोअरचा रायझेन ५८००एक्स-३डी त्याच पिढीतल्या सोळा कोअरच्या प्रोसेसरला अनेक खेळांत मागे टाकतो, कारण त्याच्याजवळ कॅशे, म्हणजे प्रोसेसरमध्येच हाताशी असलेली वेगवान स्मृती, ९६ मेगाबाइट आहे. खेळताना सोबत प्रक्षेपणही करायचे असेल किंवा चित्रफिती संपादित करायच्या असतील, तर जादा कोअर सार्थकी लागतात. माझ्या मते ‘गाभा’ यासाठीच टाळावा, कारण तो शब्द ऐकणाऱ्याला वाटते, की जितके गाभे तितके सामर्थ्य.

अनुवादिका (कोथरूड):
आपले उदाहरण मी भाच्याला वाचून दाखवले आणि त्याला ते तत्काळ कळले. मी आता ‘कोअर’ ठेवून पहिल्या उल्लेखाजवळ ‘प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करू शकणारा भाग’ असे लिहिण्याचा विचार करते आहे. परंतु ‘तो कोअर’ की ‘ते कोअर’, आणि अनेकवचनी ‘कोअर्स’ लिहावे काय?

संगणक जुळवणारा (बुधवार पेठ):
तो कोअर, आठ कोअर. ‘कोअर्स’ कदापि लिहू नये. आपण ‘चार टेबल्स’ म्हणत नाही.

स्वभाषाप्रेमी (सदाशिव पेठ):
आमच्या आळीत ‘ते कोअर’ म्हणतात, आणि तेच योग्य आहे.

निवृत्त भूगोलशिक्षिका:
लिंगाविषयी आपण सर्व जाणकार काय ते ठरवा, पण माझी एक विनंती आहे. मुलाला गाभा एकच असतो असे वाटले, याचा अर्थ त्याला तो शब्द नीट माहीत आहे. असा शब्द अंकातून सरसकट काढू नका. निदान ताशाच्या उदाहरणाजवळ, त्या मुख्य धाग्याविषयी लिहिताना, ‘खेळाचा गाभा’ असे एकदा तरी लिहा. तिथे तो एकच आहे.