कुत्रा चावल्यावर मोबाइल उघडावा की नाही?

शिक्षक, अंबाजोगाई:
डॉक्टरसाहेब, "आजारी माणसाने मोबाइलवर काही शोधूच नये, थेट दवाखाना गाठावा" हे आपले कालचे विधान मला फार खटकले. गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याला शेताच्या वाटेवर कुत्रा चावला. मी मराठीत शोधले, तेव्हा वर आलेल्या पहिल्या दोन पानांवर जखमेत तिखट आणि चुना भरण्याचा सल्ला होता. तोच प्रश्न इंग्रजीत विचारला, तेव्हा जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन मिळाले. आरोग्याच्या पानांना अधिक कडक निकष लावावेत, असे गुगलचे स्वतःचेच धोरण सांगते. परंतु जाणकारांनी मराठीत लिहिलेच नसेल, तर ते निकष लावायचे कोणत्या पानांना?

डॉक्टर, औसा:
तिखट भरण्याची रीत मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. माझा राग वाया गेलेल्या वेळेवर आहे. एक सालगडी माझ्याकडे चौथ्या दिवशी आला, कारण कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, असे त्याने वाचले होते. ते खरेच आहे. पण लस लगेच सुरू करून लक्ष ठेवायचे, लक्ष ठेवण्यासाठी लस थांबवायची नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

परिचारिका, परभणी:
लोक मोबाइललाच का विचारतात, हे आपण दोघेही बोलला नाहीत. माझ्या मावशीच्या पोटरीतून रक्त आले होते, म्हणजे लसीबरोबर जखमेत सिरमही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) देणे आवश्यक होते. एका दवाखान्यात तिच्या हातावर इंग्रजीतली चिठ्ठी ठेवली गेली. सिरमबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही आणि तिसऱ्या दिवसाची सुई चुकली. मी सुट्टीला घरी गेले नसते, तर पुढे काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. दोन वाक्ये मराठीत सांगायला असा किती वेळ लागतो?

डॉक्टर, औसा:
ताई, हा आरोप सरसकट करू नका. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात शंभरावर माणसे रांगेत असतात, तेव्हा प्रत्येकाला समजावत बसलो, तर शेवटचा रुग्ण उपाशी परत जातो.

परिचारिका, परभणी:
म्हणूनच ते लिहून भिंतीवर लावा, आणि तेच इंटरनेटवरही टाका.

डॉक्टर, औसा:
एवढे मात्र मान्य करावे लागेल. गुरुजी, मजकूर लिहून पाठवा, मी तपासून देईन. परंतु "लस त्याच दिवशी" हे पहिल्या ओळीत नसेल, तर त्याखाली माझे नाव घालू नका.