मदत हवी आहे: गच्चीवरील ५जी टॉवर आणि समोरच्या इमारतीचा प्रश्न

नमस्कार. पुण्यात लोहगाव विमानतळाच्या परिसरात आमची ४२ सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे. एका टॉवर कंपनीने आमच्या गच्चीवर ५जीचे अँटेना बसवण्याचा प्रस्ताव दिला असून पुढच्या महिन्यातील विशेष सर्वसाधारण सभेत त्यावर निर्णय व्हायचा आहे. मी समितीची सदस्य आहे आणि बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे तांत्रिक बाजू मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मात्र वाचन करताना एक आकडेमोड अशी हाती आली आहे, की ती जाणकारांकडून तपासून घेतल्याशिवाय सभेपुढे उभे राहणे मला योग्य वाटत नाही.

सभासदांत दोन तट पडले आहेत. एका गटाला वाटते, की टॉवर आपल्याच डोक्यावर आला म्हणजे घराघरांत भरपूर रेंज येईल, मुलांची कामे वेगाने होतील आणि भाड्यातून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्चही निघेल. दुसऱ्या गटाला, विशेषतः सर्वांत वरच्या मजल्यावरील कुटुंबांना, प्रारणाची, म्हणजे अँटेनातून निघणाऱ्या रेडिओ लहरींची, भीती वाटते. ही भीती निम्मी तरी शब्दामुळे वाढली आहे असे माझे मत आहे, कारण आपल्याकडे सर्रास ‘किरणोत्सर्ग’ म्हटले जाते आणि तो शब्द ऐकला की माणसाच्या डोळ्यांपुढे अणुभट्टी उभी राहते. ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींतील एका कणाची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या कणापेक्षा लाखाहून अधिक पटींनी कमी असते, त्यामुळे रेणूंतील बंध तोडण्याइतके बळ तिच्यात नसते. सिद्ध झालेला परिणाम आहे तो शरीरातील ऊतक तापण्याचा, आणि मर्यादाही त्याच आधारे ठरवल्या आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-बी गटात ठेवले, ही गोष्ट मी सभेपासून लपवणार नाही. त्याच गटात लोणच्याच्या भाज्याही आहेत, हेही सांगेन. परंतु ज्यांच्या घरात लहान मूल आहे, त्यांचे समाधान तेवढ्याने व्हावे अशी अपेक्षा मी करणार नाही.

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट आणि २००० मेगाहर्ट्झच्या वर १ वॅट. आता माझी अडचण सांगते. प्रस्तावासोबतच्या कागदांत अँटेनाची शक्ती २०० वॅट आणि गेन (शक्ती एका दिशेला एकवटण्याचे प्रमाण) २४ डेसिबल दिला आहे. २४ डेसिबल म्हणजे सुमारे २५० पट, तेव्हा शलाकेच्या, म्हणजे लहरींच्या झोताच्या, दिशेने परिणामी शक्ती ५०,००० वॅट होते. आमच्या समोरची इमारत ३० मीटरवर आहे आणि तिचा पाचवा मजला आमच्या गच्चीच्या बरोबर पातळीत येतो. ३० मीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे ११,३१० चौरस मीटर भरते, म्हणून भागाकार केल्यावर ४.४ वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे मर्यादेच्या चौपटीहून अधिक उत्तर येते. माझे नेमके कोठे चुकते आहे?

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. अँटेना दीपगृहाप्रमाणे आडव्या दिशेने प्रकाश टाकतो, असे समजले. तसे असेल तर आमच्या वरच्या मजल्यावर प्रारणही कमी आणि रेंजही कमी, म्हणजे दिव्याखाली अंधार, हे खरे आहे का? खरे असेल तर आमचे दोन्ही गट चुकीच्या मुद्द्यावर भांडत आहेत आणि ज्यांच्या खिडकीवर शलाका पडणार त्यांना आम्ही विचारलेलेसुद्धा नाही. भाडे आमचे आणि झोत त्यांचा, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली आहे.

इमारत १९९४ सालची आहे. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण उपविधींनुसार दर ३ वर्षांनी करावे लागते; ते आम्ही करवून घेत आहोत, म्हणून त्याबद्दल येथे विचारत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी मोबाइल नेटवर्कच्या आखणीचे काम करतो. आपला गुणाकार-भागाकार बरोबर आहे. फक्त त्यात असे गृहीत धरले आहे, की सगळी शक्ती, सगळा वेळ, एकाच खिडकीकडे जाते. नव्या ५जी अँटेनात लहान लहान अनेक घटक असतात आणि शलाका ज्याचा फोन काम करत असेल त्याच्याकडे क्षणोक्षणी वळते. शिवाय एकाच वारंवारितेवर पाठवणे आणि घेणे आळीपाळीने चालत असल्याने अँटेना साधारण तीन चतुर्थांश वेळच प्रक्षेपण करतो. मर्यादाही क्षणाची नसून काही मिनिटांच्या सरासरीची असते. शलाका फिरण्याचा परिणाम म्हणून गणनेत साधारण एक चतुर्थांश हा गुणक धरतात. आपल्या ४.४ ला या दोन्हींनी गुणल्यास सुमारे ०.८३ येते. म्हणजे मर्यादेच्या आत, पण जेमतेम, आणि त्याच खांबावर ४जीचे अँटेना असतील तर त्यांचा वाटाही यात मिळवावा लागतो. म्हणून आपली काळजी मला अनाठायी वाटत नाही. खांब समोरच्या खिडक्यांच्या वर काही मीटर नेणे, अँटेनाचे तोंड त्या इमारतीपासून वळवणे किंवा शक्ती कमी ठेवणे हे तिन्ही उपाय सोपे आहेत आणि ते करारात लिहून घेता येतात.

दिव्याखाली अंधार हे बऱ्याच अंशी खरे आहे. थेट खाली अँटेनाचा दुय्यम, क्षीण झोतच येतो आणि मध्ये काँक्रीटचा स्लॅब असतो. ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींत फार लवकर क्षीण होतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी घरात शिरतात, पण त्या वारंवारिता-पट्ट्याची रुंदी कमी असल्याने वेगही कमी मिळतो. ५जीबद्दल सांगितले जाणारे २० गिगाबिट प्रति सेकंद आणि १ मिलिसेकंद विलंब हे आकडे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तंत्रज्ञानासाठी ठरवलेली आदर्श उद्दिष्टे आहेत, एखाद्या सदनिकेला दिलेले वचन नव्हे.

आपल्या भागापुरती आणखी एक बाब पाहा. विमानांचे रेडिओ उंचीमापक ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतात. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये ५जी ३.७ गिगाहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यात सुरू होताना या उपकरणांत व्यत्यय येईल या भीतीने विमानांची काही उड्डाणे रद्द झाली. आपला पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा, म्हणजे उंचीमापकांच्या पट्ट्यापासून अंतर अधिक आहे. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने विमानतळांच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत या पट्ट्यातील ५जी केंद्रे न बसवण्यास सांगितले होते. आपली जागा धावपट्टीपासून किती दूर आहे आणि कोणते पट्टे चालवणार आहेत, हे कंपनीकडून लेखी घ्या. केवळ ७०० मेगाहर्ट्झ असेल तर वेगाची आशा आणि प्रारणाचे गणित दोन्ही बदलतील. आणि कोणी ‘ट्राय’चे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, ना-हरकत पत्र दाखवून आगाऊ शुल्क मागितले, तर ती फसवणूक समजा, ट्राय असे पत्र देत नाही.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण गणित इतक्या बारकाईने पाहिलेत, याबद्दल मनापासून आभार. ०.८३ हा आकडा मी सभेत लपवाछपवी न करता मांडेन आणि समोरच्या इमारतीच्या समितीलाही सभेचे निमंत्रण द्यावे असा प्रस्ताव आज अध्यक्षांकडे दिला आहे. पट्ट्यांविषयीचे पत्र कंपनीला उद्या जाईल.

दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर शुल्क भरून टॉवरच्या प्रारणाची मोजणी करून घेता येते, असे वाचले. ती मोजणी आम्ही समोरच्या पाचव्या मजल्यावर, खिडकी उघडी ठेवून आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी करण्याचा आग्रह धरू. मात्र आज मोजले आणि दोन वर्षांनी त्याच खांबावर दुसऱ्या कंपनीचे अँटेना आले, तर पहिल्या मोजणीला अर्थ उरत नाही. प्रत्येक नव्या अँटेनानंतर कंपनीच्या खर्चाने पुन्हा मोजणी आणि निकाल दोन्ही इमारतींच्या सूचनाफलकावर, अशी अट कोणा संस्थेने करारात घालून घेतली असल्यास त्या कलमाचा मसुदा कृपया येथे द्यावा. सभा महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आहे.