दाजींचे हंटिंग कंपाउंड धनुष्य माझ्या मापाचे कसे करावे? बाण डावी-उजवीकडे पसरतात

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. माझे दाजी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतात आणि दर वर्षी थंडीच्या तोंडावर तिथल्या परवान्यावर धनुष्याने हरणांची शिकार करतात. त्यांनी नवे धनुष्य घेतले तेव्हा जुने कंपाउंड मला देऊन टाकले. पुढच्या हंगामात मी त्यांच्याकडे जाणार आहे. परंतु वीस मीटरवर हात स्थिर झाल्याशिवाय सोबत मचाणावर घेणार नाही, अशी त्यांची अट आहे आणि ती मला रास्तच वाटते. शाळेत असताना मी इंडियन राउंडचे बांबूचे धनुष्य चालवले होते, त्यामुळे ताणणे मला नवीन नाही. कॅमचे, म्हणजे टोकांना फिरती चाके असलेले, धनुष्य मात्र पहिल्यांदाच हातात आले आहे.

धनुष्यावर ड्रॉ लेंग्थ (ताणण्याची लांबी) २९.५ इंच आणि ड्रॉ वेट (ताणायला लागणारा जोर) ६० ते ७० पौंड असे लिहिलेले आहे. एका टोकाच्या ॲक्सलपासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी जेमतेम ३० इंच आहे. दाजी सहा फुटांहून उंच आहेत, माझी उंची ५ फूट ६ इंच आहे. सराव आमच्या मळ्यात, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी करतो. वीस मीटरवर बाण उंचीला जवळजवळ सारखे लागतात, पण डावी-उजवीकडे वीतभर पसरतात. स्ट्रिंग कोपराच्या आतल्या बाजूला बसून तिथे काळे-निळे झाले आहे. पूर्ण ताणल्यावर रिलीजचा (स्ट्रिंग सोडायच्या ट्रिगरचा) हात कानाच्याही मागे जातो आणि पीपमधून (स्ट्रिंगमधल्या नेम धरायच्या भोकातून) पाहण्यासाठी मान मागे न्यावी लागते. कोपर किती वाकवावे, मान कशी ठेवावी, पाय कसे ठेवावेत, यांपैकी आधी काय सुधारावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

मिरज_जंक्शन (मिरज)

यांपैकी काहीही आधी सुधारू नका. तुमच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचे मूळ एकच आहे: धनुष्याची ड्रॉ लेंग्थ तुमच्यासाठी लांब आहे. मान मागे जाणे, कोपर ताठ होणे, पुढचा खांदा वर चढणे, स्ट्रिंग हाताला लागणे हे सगळे शरीर त्या जास्तीच्या लांबीशी जुळवून घेण्यासाठी करते. धनुष्य तसेच ठेवून ढब सुधारायला बसणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून डोळे बारीक करण्याची खोड मोडायला निघण्यासारखे आहे.

माप घेण्याची साधी रीत अशी. भिंतीला पाठ टेकून दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत, न ताणता, आडवे पसरा आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर घरच्या कुणाला तरी मोजायला सांगा. त्या इंचांना २.५ ने भागले की ड्रॉ लेंग्थचा अंदाज येतो. बहुतेकांचा हा पसारा उंचीइतकाच असतो. तुमचा ६६ इंच धरला तर २६.४ येतात, म्हणजे सुरुवात २६.५ वर करावी. तुमच्या हातातले धनुष्य त्याहून तब्बल तीन इंच लांब आहे. अर्धा इंच जास्त असला तरी अनुभवी माणसाचा ग्रुप (बाणांचा पुंजका) बिघडतो. तीन इंचांत नेम लागण्याची अपेक्षाच ठेवू नये. हे सूत्र फक्त सुरुवातीपुरते आहे. शेवटचा निर्णय पूर्ण ताणलेल्या स्थितीत, बाजूने फोटो काढून करावा: मान सरळ, स्ट्रिंग नाकाच्या टोकाला हलकेच टेकलेली, रिलीजच्या हाताची बोटे जबड्याच्या हाडाखाली बसलेली, धनुष्याच्या हाताचे कोपर अगदी किंचित सैल, आणि मागचे कोपर बाणाच्या रेषेत किंवा थोडेसे वर.

आता कॅम पाहा. काही धनुष्यांत कॅमवर फिरणारे मॉड्यूल असते आणि त्यावर खुणा कोरलेल्या असतात. स्क्रू सैल करून ते दुसऱ्या खुणेवर आणले की ड्रॉ लेंग्थ बदलते. काहींमध्ये प्रत्येक मापाचे मॉड्यूल वेगळे विकत घ्यावे लागते, तर काहींमध्ये पूर्ण कॅमच बदलावा लागतो. या शेवटच्या प्रकारातले धनुष्य असेल तर ते दाजींची आठवण म्हणून भिंतीवर टांगा आणि स्वतःच्या मापाचे घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. स्ट्रिंग, केबल किंवा कॅम उतरवायचा झाला तर बो प्रेस (धनुष्य दाबून धरणारे यंत्र) लागतेच. प्रेसशिवाय ते उघडण्याचा प्रयत्न घरी कुणीही करू नये. लिंब (धनुष्याचा वाकणारा बाहू) सुटला तर माणूस जायबंदी होतो. तसेच बाण न लावता स्ट्रिंग कधीही सोडू नये. बाणात जायची ती सगळी ताकद मग लिंबांत आणि कॅममध्येच जिरते आणि धनुष्य तडकते.

ताणण्याचे वजन (ड्रॉ वेट) हा वेगळा प्रश्न आहे. लिंबाचे बोल्ट वर आणि खाली सारखेच फिरवून सैल केले की एका फेऱ्याला साधारण दोन-तीन पौंड उतरतात, परंतु माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपलीकडे ते सैल करता येत नाहीत. म्हणजे तुमचे ६०च्या खाली फारसे येणार नाही. तुम्हाला ते झेपते का, हे पाहण्यासाठी खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीपासून थोडे उचला आणि धनुष्य लक्ष्याच्या दिशेने समोर धरून सरळ मागे ओढा. ओढताना धनुष्य आभाळाकडे न्यावे लागले तर ते जड आहे. तसे असेल तर ४० ते ५० पौंडांचे लिंब मिळतात का, ते पाहावे. जागतिक स्पर्धांतही कंपाउंडला ६० पौंडांचीच मर्यादा आहे, त्यामुळे ७० ओढले नाही म्हणून कुणी कमी ठरत नाही.

कोयनेकाठी (पाटण)

तिरंदाजीतले मला फारसे कळत नाही, पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट नोंदवतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरला जातो. सागरेश्वरच्या अभयारण्यातले हरीण असो की सह्याद्री व्याघ्र प्रकल्पालगतच्या आमच्या शिवारात शिरणारे रानडुक्कर, धनुष्य घेऊन त्याच्या मागे जाणे हा गुन्हा आहे. पिकांचे नुकसान होत असेल तर वन विभागाकडे अर्ज करावा. सराव फोमच्या लक्ष्यावरच करावा. प्रश्नकर्त्यांचा हेतू स्वच्छ दिसतो, म्हणून हे त्यांना उद्देशून नाही.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

कोयनेकाठी यांचे म्हणणे मान्य आहे; इथे केवळ सरावच करणार आहे.

मिरजकर काका, आपण सांगितल्याप्रमाणे मोजले, हातांचा पसारा ६६ इंचच भरला. सुदैवाने मॉड्यूल फिरणारे निघाले. पुण्यातल्या एका दुकानात प्रेस होती, तिथे ते २६.५ वर आणून पीप आणि डी-लूप (रिलीज अडकवायचा दोरीचा फास) नव्याने बांधून घेतले. खुर्चीवरच्या परीक्षेत मी सपशेल नापास झालो, म्हणून हलके लिंबही बसवून घेतले आणि आता ४५ पौंडांवर आहे. हाताला स्ट्रिंग लागणे पूर्ण थांबले आणि मानही सरळ राहते. बाणांचा पसारा निम्म्यावर आला, पण गेला नाही. शिवाय एक नवीच गोष्ट लक्षात आली: पिन (नेमाची खूण) लक्ष्याच्या मध्यावर आली रे आली की बोट आपोआप ट्रिगर दाबते आणि त्याच क्षणी धनुष्य हलते. हे कसे थांबवावे?

माहुलीची_तिरंदाज (सातारा)

मी मुलींना कंपाउंड शिकवते, म्हणून या दोन गोष्टींवर लिहिते. पहिली, धनुष्य धरण्याची पद्धत. बांबूचे धनुष्य मूठ आवळून धरायची सवय तुमच्या हातात राहिलेली असणार, आणि कंपाउंडला तीच बाधते. तळहातावरच्या आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडील बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागावर ग्रिप टेकली पाहिजे. बोटांच्या पेरांची रेषा ग्रिपशी साधारण ४५ अंशांचा कोन करील इतका पंजा बाहेर वळवा, म्हणजे कोपराची आतली बाजूही आपोआप स्ट्रिंगच्या वाटेतून दूर होते. बोटे सैल राहू द्या. धनुष्य पडेल या भीतीने बाण सुटताच मूठ आवळली जाते आणि बाण डावी-उजवीकडे जातो, म्हणून मनगटाला बो स्लिंग बांधा आणि धनुष्याला बेलाशक पुढे उडी मारू द्या. तुमच्यासारख्या ३० इंची आखूड धनुष्यात हाताचा हा पीळ लांब धनुष्यापेक्षा जास्त जाणवतो. मैदानी स्पर्धांतले खेळाडू लांब धनुष्ये वापरतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. मचाणावर आणि झाडीत मात्र आखूडच सोयीचे पडते.

दुसरी गोष्ट ट्रिगरची. पिन मध्यावर पूर्ण थांबेल तेव्हाच बाण सोडायचा, हा हट्ट सोडून द्या. पिन कुणाचीच थांबत नाही. ती लक्ष्याभोवती हळूहळू फिरतच राहते आणि ती थांबवण्याच्या धडपडीतच बोट घाई करते. ट्रिगरवर बोटाचे टोक ठेवण्याऐवजी पहिल्या पेराची खोबण अडकवा, बोट स्थिर ठेवा आणि मागच्या खांद्याची पाती पाठीच्या कण्याकडे सरकवत राहा. त्या ओढीने रिलीज सुटला पाहिजे. कॅमच्या शेवटच्या भिंतीला (धनुष्य जिथे आणखी ताणले जात नाही त्या टोकाला) टेकून राहणे याच कामासाठी महत्त्वाचे आहे; भिंतीपासून हात किंचित जरी पुढे सरकला तरी बाण खाली आणि वेडावाकडा जातो.

हे शिकताना लक्ष्यच नको. तीन-चार मीटरवर, छातीच्या उंचीला, जाड फोमचा कोरा ब्लॉक ठेवा, बाणाचे टोक त्यावर रोखून धनुष्य ताणा, मग डोळे मिटून पाठीची ओढ जाणवेपर्यंत थांबा आणि बाण सुटू द्या. कंटाळवाणे आहे, मुलीही कुरकुर करतात. पण आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली, तेव्हा अंतिम सामन्यात तिचे १५० पैकी १४९ गुण होते. म्हणजे पन्नास मीटरवरच्या आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पंधरापैकी चौदा बाण. अशी अचूकता डोळ्यांच्या जोरावर येत नाही, प्रत्येक बाणाला शरीराने तेच आणि तसेच करावे लागते. थकवा आला की त्या दिवसाचा सराव बंद करावा, कारण दमलेल्या खांद्याने मारलेले बाण चुकीचीच सवय पक्की करतात.

तासगाव_ते_मिशिगन

मूळचा तासगावचा, आता इथे मिशिगनमध्ये दर हंगामाला धनुष्याने शिकार करतो. ताईंनी सांगितलेले सगळे मैदानावर बरोबर आहे आणि मचाणावरही तेच लागते, फक्त तिथे उभे राहण्याची जागा आणि अंगावरचे कपडे वेगळे असतात.

मचाणावरून खाली मारताना नवा माणूस हात खाली करतो. त्यामुळे खांद्यांची आणि बाणाची रेषा मोडते, ड्रॉ लेंग्थ बदलल्यासारखी होते आणि बाण बहुधा वरून जातो. आधी समोर, क्षितिजाच्या पातळीवर धनुष्य ताणून अँकर (रिलीजचा हात चेहऱ्याला टेकण्याची ठरलेली जागा) पक्का करावा आणि मग कमरेतून वाकावे. वरचे अंग जसेच्या तसे राहिले पाहिजे. सेफ्टी हार्नेस बांधल्याशिवाय हे करू नका आणि सरावातही तोच हार्नेस बांधा. उतारावर अंतर मोजताना बाणाला आडवे अंतर लागू होते, हेही ध्यानात ठेवा: तीस अंशांच्या उतारावर तिरके तीस मीटर म्हणजे आडवे सुमारे सव्वीस.

वजन कमी केले याचे वाईट वाटून घेऊ नका. विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी किमान ३० पौंडांची अट आहे; धारदार ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचे पात्यांचे टोक) असेल आणि बाण फुप्फुसांच्या जागी लागला तर ४५ पुष्कळ झाले. जास्त पौंडांनी बाण वेगवान होतो हे खरे, तरी सेकंदाला २७० फूट जाणाऱ्या बाणालाही तीस यार्डांसाठी एक तृतीयांश सेकंद लागतो आणि स्ट्रिंगचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. सावध झालेले हरीण तेवढ्यात खाली दबते. म्हणून हरीण शांत असताना, जवळून आणि बाजूने उभे असतानाच बाण सोडावा. नाहीतर धनुष्य उतरवून ठेवावे. इथे हे संयमाचे काम नेमबाजीहून जड जाते. जनावर जखमी होऊन रात्रभर रानात फिरावे, असे कुणालाच वाटत नाही.

थंडीचे जॅकेट घालूनही सराव करा. जाड बाहीला स्ट्रिंग लागते, कॉलरमुळे अँकर सरकतो, आणि तासभर न हलता बसल्यावर घरी सहज ओढले जाणारे धनुष्य जड वाटू लागते. साताऱ्यात तशी थंडी पडणार नाही, तरी पहाटे जॅकेट घालून, अंग गरम न करता पहिलाच बाण कुठे लागतो, ते पाहत जा. शिकारीत तो एकच मिळतो. परवाना आणि सुरक्षा-शिक्षणाच्या प्रमाणपत्राची चौकशी दाजींना आत्ताच करायला सांगा.

मिरज_जंक्शन (मिरज)

ताईंच्या आणि तासगावकरांच्या उत्तरांनंतर माझ्याकडे फक्त बाणांचे उरले आहे. तुम्ही अजून दाजींचेच बाण वापरत असणार. ते २९.५ इंच आणि ७० पौंडांसाठी निवडलेले, म्हणजे तुमच्यासाठी फार ताठ आहेत. कार्बनच्या बाणावर छापलेला स्पाइनचा आकडा जितका लहान तितका बाण ताठ. त्यांचे ३०० किंवा ३४० असतील, तर तुम्हाला ४५ पौंडांना ५००च्या आसपासचे लागतील. नेमका आकडा बाणाची लांबी आणि टोकाचे वजन धरून कंपनीच्या तक्त्यात पाहावा. राहिलेल्या पसाऱ्यात या ताठपणाचाही वाटा असू शकतो. बाणाचे वजन धनुष्याच्या एका पौंडाला किमान पाच ग्रेन (वजनाचे लहान एकक) असलेच पाहिजे, म्हणजे तुमच्यासाठी २२५ ग्रेनच्या खाली नाही, आणि शिकारीला त्याहून बरेच जड घ्यावे. लांबी एवढीच ठेवा की पूर्ण ताणल्यावर टोक रेस्टच्या (बाण टेकवायच्या आधाराच्या) पुढे राहील. आखूड बाण रेस्टवरून मागे सरकला तर थेट हातात शिरतो.

नवे बाण आल्यावर दोन-अडीच मीटरवर चौकटीत वर्तमानपत्राचा कागद ताणून बसवा, मागे फोमचा ब्लॉक ठेवा आणि त्यातून बाण मारा. पिसांच्या खुणा टोकाच्या भोकाभोवती सारख्या पडल्या तर जुळणी बरी आहे. फाटलेली रेघ आडवी आली तर रेस्टला हात लावण्याआधी ताईंनी सांगितलेली पकड तपासा. त्या कागदाचा फोटो इथे टाका, मग पुढचे पाहू.